दोन नावांमधील दुवा : विवाहनोंदीचा इतिहास व आपला समाज

आपल्या समाजातील कोणत्याही घरी जाऊन तेथील वडीलधाऱ्या गृहस्थास त्यांच्या पणजोबांचे नाव विचारले असता ते बहुधा तत्काळ सांगतात. पणजोबांच्या वडिलांचे व आजोबांचे नाव मुखोद्गत असलेले वृद्धही आज क्वचित आढळतात. परंतु त्याच घरी ‘पणजीचे माहेरचे नाव काय, तिचे वडील कोण, गाव कोणते’ असा प्रश्न केला की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कोणी म्हणते ती ब्रह्मपुरीकडची होती, कोणी म्हणते वैनगंगेच्या पलीकडची होती; नाव मात्र कोणासही आठवत नाही. हा प्रकार घरोघरचा आहे. जिने आपल्या वंशास जन्म दिला व आपली शेती सांभाळली, तिच्या पूर्वायुष्याचा धागा तीन पिढ्यांच्या आत तुटावा, ही गोष्ट आम्हांस फार दिवसांपासून विचार करावयास लावीत आली आहे. तिचे मूळ आपल्या नोंदींच्या पद्धतीत आहे, असे आमचे मत झाले आहे. आपण जन्म लिहिला, मृत्यू लिहिला, जमीन लिहिली. विवाह मात्र लिहिला नाही. इंग्लंडातील शेतकऱ्यांच्या खेड्यांत चार-साडेचारशे वर्षे विवाह लिहिला गेला. त्या लिहिण्याने काय साधले व आपल्या न लिहिण्याने काय हरवले, याचा विचार ज्ञातिबांधवांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८५४ साली चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. नवे राज्यकर्ते कागदाचे मोठे भोक्ते. मध्यप्रांतात ५ नोव्हेंबर १८६६ रोजी पहिली शिरगणती झाली. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध झाला. गावोगावची शेते, तलाव, मालगुजार व कुळे यांची मोजदाद झाली. गावचा कोतवाल आपल्या पुस्तकात जन्म-मृत्यूची नोंद ठेवी व ठराविक दिवशी ठाण्यात जाऊन ती सादर करी. यांनाच आपण आज ‘कोतवाल बुक’ म्हणतो. पुढे शाळा निघाल्या आणि दाखल-खारीज रजिस्टर आले. त्यात विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख व शाळा सोडल्याचा दिनांक हे सर्व येऊ लागले. या कागदांचे मोल आज प्रत्येकास कळून चुकले आहे. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. तो शोधण्यासाठी आपली मुले तहसिलीच्या अभिलेख कक्षात व जुन्या शाळांच्या कपाटांपुढे ताटकळत उभी असतात. ज्या कोतवालास अक्षरशत्रू म्हणून आपण हसत होतो, त्याच्या वहीतील एका ओळीवर आज नातवाचे शिक्षण अवलंबून आहे!

परंतु या वह्यांची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. कोतवालाच्या पुस्तकात जन्माची नोंद बहुधा बापाच्या नावाने होई : अमुक याचे घरी मुलगा झाला, अमुक याचे घरी मुलगी झाली. बाळाचे बारसे व्हावयाचे असल्याने त्याचे नाव पुष्कळदा नसेच. आईचे नाव तर क्वचितच. मुलगी शाळेत गेलीच तर दाखल-खारीज रजिस्टरात बापाच्या नावानिशी आली. पुढे तिचे लग्न झाले. आपल्याकडे आडनाव तर बदलतेच, शिवाय पुष्कळ घरी मांडवातच तिचे नावही नवे ठेवले जाते. माहेरची यमुना सासरी लक्ष्मी होते. यानंतरच्या प्रत्येक कागदावर, म्हणजे मतदारयादीत, शिधापत्रिकेवर, सातबाऱ्यावर व अखेरीस मृत्यूच्या नोंदीत ती लक्ष्मी म्हणूनच येते. यमुनेचा कागद एका गावी, लक्ष्मीचे कागद दुसऱ्या गावी. या दोघी एकच होत, असे सांगणारा कागद कोठेही नाही. तो सांगू शकली असती ती एक विवाहनोंद, आणि तीच आपल्या दप्तरात नव्हती.

मग आपले पूर्वज विवाहाची काहीच आठवण ठेवीत नसत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे विवाहाचे दप्तर समाजाच्या स्मरणात होते. आपल्या भागात सोयरीक जुळल्यावर साक्षगंध होतो. त्या शब्दातच साक्ष आहे. दोन्ही गावची चार शहाणी माणसे बसवून, त्यांच्या देखत कुंकू लावून, ही गोष्ट पक्की केली जाते. मांडवात मामा उभा राहतो, सोयरे अक्षता टाकतात, गावजेवण होते. जंगलपट्टीतील आपल्या शेजारच्या गोंड बांधवांत कोणते कूळ किती देवांचे, म्हणजे चार देवांचे, पाच देवांचे, सहा वा सात देवांचे, हे ठाऊक असल्यावाचून सोयरीक जमत नाही. ही त्यांची अलिखित नोंदवहीच म्हटली पाहिजे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालत आली. त्र्यंबकेश्वरादी क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. यात्रेस गेलेल्या पूर्वजाने आपले गाव, आपले वडील, भाऊ व मुलगे यांची नावे तेथे लिहून दिलेली सापडतात. आणखी एक वही आपल्या प्रत्येकाच्या घरी असते, ती आहेराची. लग्नमांडवाच्या तोंडाशी अक्षर चांगले असलेला एखादा मुलगा वही घेऊन बसतो आणि कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे दिले, कोणी भांडे दिले, ते गावानिशी लिहून ठेवतो. पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढी परतफेड करावयाची, हा तिचा हेतू. जुन्या आहेराच्या वह्या जपून ठेवल्या असत्या, तर आपल्या सोयऱ्यांचे केवढे जाळे कोणकोणत्या गावांत पसरले होते ते आज नकाशावर मांडता आले असते. पण देणेघेणे फिटले की वही कोठीत जाते आणि वाळवीच्या स्वाधीन होते. स्मरणाचेही तसेच. साक्षगंधाला बसलेली चार माणसे गेली की साक्षही गेली.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गाव-वाड्यांस मिळून पॅरिश म्हणतात. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूस हुकूम केला, की त्याने एक वही ठेवावी आणि दर रविवारी, चर्चच्या एका पंचासमक्ष, त्या आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने तीत लिहावीत. वही ठेवण्यास कुलपे असलेली भक्कम पेटी करावी, एक किल्ली धर्मगुरूकडे व दुसरी पंचांकडे असावी, म्हणजे कोणा एकास एकट्याने ती उघडता येऊ नये. कसूर केल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड, व तो चर्चच्या डागडुजीस लावावा. हुकूम निघताच तेथील शेतकऱ्यांत कुजबूज सुरू झाली, की राजा आता लग्नावर व बारशावरही नवा कर बसविणार! सरकारने काही लिहून घेतले की रयतेच्या मनात प्रथम कराचीच शंका यावी, हे चांद्यात काय आणि इंग्लंडात काय, सारखेच. गंमत अशी, की ही शंका अडीचशे वर्षांनी खरी ठरली. १७८३ साली प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला, व तो १७९४ साली उठला.

आरंभीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. त्या ओल येऊन व उंदरांनी कुरतडून नासू लागल्या. म्हणून १५९८ साली एलिझाबेथ राणीच्या मान्यतेने असा नियम झाला, की जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरून काढाव्यात आणि दर वर्षाच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवावी. ही दुसरी प्रत पुढे अनेक गावांना तारक ठरली. मूळ वही जळाली वा हरवली तरी बिशपच्या दप्तरातील नक्कल शिल्लक राहिली. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात या कामात खंड पडला. १६५३ पासून काही वर्षे तर विवाह लावण्याचे काम धर्मगुरूंकडून काढून मॅजिस्ट्रेटकडे दिले होते. राजसत्ता परत आल्यावर जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली.

विवाहनोंदीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे १७५३ चा कायदा होय. तो लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांच्या नावाने ओळखला जातो व २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. चोरून लावलेल्या लग्नांमुळे घराण्यांत तंटे माजत, वारसाहक्काचे दावे उभे राहत, आणि पुरुष लग्न नाकारून मोकळा झाला म्हणजे स्त्रीच्या हाती काहीच उरत नसे. म्हणून असे ठरले, की नियोजित विवाहाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार जाहीरपणे व्हावी आणि कोणास हरकत असल्यास त्याने ती तेव्हाच सांगावी. नाही तर परवाना घ्यावा. विवाह झाल्यावर तो स्वतंत्र वहीत ठराविक नमुन्यात लिहावा. वर, वधू, धर्मगुरू व दोन साक्षीदार यांनी त्याखाली सह्या कराव्यात. ज्यू व क्वेकर हे पंथ वगळता सर्वांस हा नियम लागू होता. आपल्या साक्षगंधात चार शहाण्यांचे जे काम, तेच येथे दोन साक्षीदार करीत होते. फरक इतकाच, की त्यांची साक्ष शाईने कागदावर उतरली आणि त्यांच्या मागे राहिली.

पुढे १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली व विवाहाचा नमुना अधिक विस्तृत झाला. दिनांक, दोघांची नावे व आडनावे, वय, पूर्वी अविवाहित की विधुर वा विधवा, धंदा, राहण्याचे ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावे व त्यांचे धंदे, असे रकाने झाले. अशी वही उघडली म्हणजे आपल्यासारख्याच शेतकरी वस्तीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : शेतमजुराचा मुलगा, शेतमजुराची मुलगी, मेंढपाळाचा मुलगा, लोहाराची मुलगी, गिरणीवाल्याच्या विधवेशी विवाह करणारा विधुर शेतकरी. प्रत्येक ओळीत दोन घराण्यांची गाठ बांधलेली असते, आणि वधूचे माहेरचे नाव व आडनाव तेथे ठसठशीत लिहिलेले असते. उद्या ती पतीच्या आडनावाने ओळखली जाणार असते. पण त्या एका ओळीत तिची दोन्ही नावे एकत्र येतात. जुन्या व नव्या नावांमधील दुवा आम्ही म्हणतो तो हाच.

या वह्या शेकडो वर्षे चर्चच्या पेट्यांत पडून होत्या. त्यांतून इतिहास काढण्याचे मोठे कार्य विसाव्या शतकात झाले. पीटर लॅसलेट व टोनी रिग्ली या विद्वानांनी १९६४ साली केंब्रिज येथे लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करणारे मंडळ स्थापन केले. त्यांनी ठिकठिकाणच्या हौशी अभ्यासकांस छापील तक्ते पाठविले, आणि गावोगावच्या स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींनी आपापल्या पॅरिशच्या वह्या वाचून महिन्यावार आकडे भरून दिले. अशा ४०४ पॅरिशांच्या आकड्यांवरून रिग्ली व स्कोफील्ड यांचा इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचा पाया मानधनाची अपेक्षा न करता काम करणाऱ्या सामान्य गावकऱ्यांनी घातला आहे, हे आमच्या तरुणांनी विसरू नये.

त्यातून काय निष्पन्न झाले? पहिली गोष्ट विवाहवयाची. जुन्या काळी सर्वत्रच मुलींची लग्ने लहानपणी होत, असा आपला समज असतो. परंतु या वह्यांवरून दिसले, की सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातील सामान्य स्त्रीचे पहिले लग्न सरासरी पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी होत असे. डेव्हन परगण्यातील कॉलिटन या पॅरिशमध्ये तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काही दशके हे वय तिशीच्या जवळ गेले होते. मुलगा-मुलगी दोघेही परक्याच्या शेतावर सालाने राबत, चार पैसे गाठी बांधीत, आणि स्वतंत्र संसार मांडता येईल तेव्हाच लग्न करीत. आपल्याकडे १९२९ चा शारदा कायदा मुलीस चौदा वर्षांची मर्यादा घालण्यासाठी झगडत होता आणि १९७८ साली ती मर्यादा अठरावर आली. या पार्श्वभूमीवर ही माहिती विचार करण्याजोगी आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे विवाहवय काय होते, ते सांगावयास मात्र आपल्यापाशी वह्याच नाहीत.

दुसरी गोष्ट लग्नसराईची. ती वाचताना शेतकरी वाचकास आपल्याच घरचे ऐकल्यासारखे वाटेल. ॲन कुसमॉल या विदुषीने पाचशेहून अधिक पॅरिशांच्या विवाहवह्या तपासून १९९० साली असे दाखविले, की ज्या गावी धान्याची शेती मुख्य, तेथे लग्ने शरदऋतूत, म्हणजे सुगी संपून सालदारांचा हिशेब झाल्यावर होत. आणि ज्या गावी मेंढरे-गुरे पाळण्याचा धंदा मुख्य, तेथे ती वसंतात, वासरे-कोकरे जन्मल्यानंतर होत. यावरून त्या बाईंनी कोणत्या गावी कोणत्या शतकात शेती वाढली व कोठे कुरणे वाढली, ते ओळखून काढले! ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्च लग्नास अनुकूल नसे, म्हणून मार्च महिन्याची पाने जवळजवळ कोरी. आपला चातुर्मास तो तसाच. आपल्या झाडीपट्टीत धान मळून घरात आले, हाती पैसा खेळू लागला, म्हणजे सोयरीकीची बोलणी निघतात आणि उन्हाळ्यात मांडव पडतात. पश्चिमेकडे वरोऱ्याच्या बाजूस कापूस-ज्वारीचा हंगाम निराळा. आपल्या लग्नतिथी शंभर वर्षे लिहिल्या गेल्या असत्या, तर कोणत्या वर्षी तलाव भरले, कोणत्या वर्षी पीक बुडाले व मांडव पडले नाहीत, ते त्या पानांवरून वाचता आले असते.

तिसरी गोष्ट सह्यांची, आणि आम्ही शिक्षक असल्याने ती आम्हांस विशेष वाटते. १७५४ पासून वर-वधूंनी सही करणे आवश्यक झाले. ज्यास लिहिता येत नसे, तो फुलीचे चिन्ह करी. त्या फुल्या मोजून साक्षरतेचे माप काढण्यात आले. अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे साठ टक्के वर आपले नाव लिहू शकत, वधू मात्र शंभरात चाळीसही नव्हत्या. १८४० च्या सुमारास दोन-तृतीयांश वर व निम्म्या वधू सही करू लागल्या होत्या. फुली कमी होत जाऊन तेथे अक्षर उमटू लागले, ही एका राष्ट्राच्या शिक्षणाची कथा विवाहाच्या वह्यांच्या तळाशी लिहिली गेली आहे.

तथापि इंग्लंडच्या पद्धतीची भलावण करताना तिचे न्यून झाकणे योग्य नाही. १८३७ च्या नमुन्यात वधूवरांच्या वडिलांस रकाना होता, आईस नव्हता. ही उणीव पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तशीच चालली. ४ मे २०२१ पासून इंग्लंड व वेल्समध्ये विवाहनोंदीत आईचे नाव येऊ लागले, आणि त्याच दिवसापासून चर्चमधील विवाहाची जुनी वही बंद होऊन नोंद संगणकावर गेली. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे प्रथम आईचे व मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय झाला आहे. स्त्रीचे नाव कागदावर येण्यास उशीर सर्वत्रच झाला. तेव्हा कोणी कोणास हसण्याचे कारण नाही.

हा इंग्रजी नमुना आपल्या देशातही आला होता. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ख्रिस्ती विवाहांची नोंद आवश्यक ठरविली. वय, पूर्वस्थिती, धंदा, राहण्याचे ठिकाण, वडिलांचे नाव व सह्या हेच रकाने त्याने घालून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन खुद्द चांदा शहरी आले. म्हणजे ज्या शहरात आपले लोक बाजारास जात, तेथेच विवाह लिहून ठेवण्याची ही रीत चालू झाली होती. गोमंतकात तर ती त्याहूनही जुनी. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली पॅरिशच्या धर्मगुरूंनी विवाहाची वही ठेवावी असा नियम केला व पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यास आला. गोव्यात आजही सर्व धर्मीयांस विवाहाची सरकारी नोंद करावीच लागते, व त्या नोंदीस पतिपत्नीच्या मालमत्तेच्या हक्कात फार महत्त्व आहे. आमच्या चांदा जिल्ह्यातील शेतकरी समाजास मात्र कोणत्याही कायद्याने विवाह लिहावयास लावले नाही. १८८६ चा नोंदणी कायदा मर्यादित लोकांपुरता. मुंबई राज्याने १९५३ साली विवाहनोंदणीचा कायदा केला, तेव्हा विदर्भ मध्यप्रदेशात होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीची सोय केली. पण नोंद नसली तरी विधिपूर्वक झालेला विवाह वैधच राहतो, असेही सांगितले. म्हणून कोणी तिकडे लक्ष दिले नाही. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद देशभर आवश्यक झाली. विवाह पुन्हा बाहेरच राहिला. शेवटी महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम झाला आणि १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंद आवश्यक करण्याचे राज्यांस निर्देश दिले. आता ही सोय आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे. तरीही ‘कागद कशास हवा, सारे गाव तर मांडवात होते’ असे म्हणणारे सद्गृहस्थ आमच्या पाहण्यात नित्य येतात.

कागद कशास हवा, याचे उत्तर आमच्या भगिनींच्या अनुभवात आहे. विवाहित स्त्रीस जातीचा दाखला हवा असेल तर तिच्या पित्याकडील पुरावा लागतो. तो पुरावा यमुनेच्या नावाने आणि अर्ज लक्ष्मीच्या नावाने! मग प्रतिज्ञापत्रे, राजपत्र, दोन्ही गावचे दाखले यांत महिने जातात. प्रवेशाची वा नोकरीची मुदत टळून जाते. शेतजमिनीचेही तेच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीस वारस केले आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित एकत्र मालमत्तेत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आला. बाप वारल्यावर वारस नोंदीचा फेरफार करावयाचा तर मुलगी कोण, ती आता कोठे व कोणत्या नावाने आहे, हे तलाठ्यास दाखवावे लागते. भावांचे मन मोठे असेल तर काम सोपे. नसेल तर ‘या नावाची आमची बहीणच नाही’ एवढे म्हटले की झाले, पुढचे सर्व ओझे त्या बहिणीवर. पतीच्या निधनानंतर सासरच्या मंडळींनी लग्नच नाकारले, तर त्या विधवेची स्थिती काय होते, ते सांगावयास नको. हार्डविकचा कायदा ज्या दुःखातून जन्मला, ते दुःख अडीचशे वर्षांनंतरही आपल्या उंबरठ्यावर उभे आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही, की प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या विवाहांची ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत रीतसर नोंद करून दाखला घ्यावा. पूर्वी झालेल्या विवाहांचीही नोंद उशिराने करून घेता येते. तेव्हा ‘वेळ निघून गेली’ म्हणून स्वस्थ बसू नये. दुसरी ही, की आपल्या मंडळाने स्वतःचे एक विवाहपुस्तक सुरू करावे. त्यात विवाहतिथी व स्थळ, वराचे नाव व गाव, वधूचे माहेरचे संपूर्ण नाव, सासरी ठेवलेले नाव, दोघांच्याही मातापित्यांची नावे, आईचे माहेर व वय हे रकाने असावेत. खाली वर, वधू व दोन साक्षीदार यांनी स्वहस्ते सह्या कराव्यात. त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात आणि दुसरी अन्य तालुक्यातील शाखेकडे असावी. दोन प्रती व दोन किल्ल्या, हा इंग्लंडच्या खेड्यांनी शिकविलेला धडा आपणही घ्यावा. हे पुस्तक सरकारी दाखल्याची जागा घेणार नाही, हे खरे. पण अडचणीच्या वेळी आधार म्हणून आणि पुढील पिढ्यांस इतिहास म्हणून ते उपयोगी पडेल.

तिसरी सूचना तरुण-तरुणींस आहे, आणि ती सर्वांत निकडीची आहे. आपल्या घरोघरी ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या आज्या आहेत. त्यांच्याजवळ बसावे व विचारावे : आजी, माहेरचे नाव काय? तुमच्या आईचे माहेर कोणते? लग्न कोणत्या साली झाले? साल त्यांना सांगता येणार नाही. पण १९५१ साली मालगुजारी गेली त्यानंतर किती वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळाआधी पदरी किती लेकरे होती, १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा थोरली सून घरात आली होती काय, असे एकेक विचारीत गेले म्हणजे साल आपोआप जवळ येते. जुनी आहेराची वही, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला असेल तर त्याशी ताडून पाहावे व स्वच्छ अक्षरात लिहून मंडळाकडे द्यावे. इंग्लंडातील हौशी मंडळींपुढे चारशे वर्षांच्या वह्या तयार होत्या. आपल्या तरुणांस वही प्रथम निर्माण करावयाची आहे. एकेका आजीबरोबर तीन पिढ्यांची नावे जात आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी आळस येणार नाही.

आपण आपल्या वंशवृक्षाचे मोठे अभिमानी आहोत. परंतु आजवर जो वृक्ष आपण काढीत आलो, त्यात केवळ पुरुषांच्या फांद्या आहेत. त्या फांद्या कोणत्या गावच्या, कोणत्या घरच्या कन्यांमुळे फुलल्या, ते त्या चित्रात दिसत नाही. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत मंडळाने विवाहपुस्तकाच्या पहिल्या काही पानांची माहिती प्रसिद्ध करावी, व त्यात प्रत्येक वधूचे माहेरचे नाव आधी छापावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. हे काम खर्चाचे नाही. एक जाड वही, चांगली शाई आणि सुवाच्य अक्षर एवढीच त्याची सामग्री. येत्या लग्नसराईतील पहिल्या मांडवापासून त्यास आरंभ व्हावा. इत्यलम्.